शेकाचा मास्क वरच्या मजल्यावर, मायक्रोवेव्ह खालच्या!

जुळारीण_चिपळूण

नमस्कार मंडळी. वय ५३, इथल्या एका छापखान्यात डीटीपी करते. लग्नसराईत पत्रिका, एरवी पावतीपुस्तकं. गेलं दीड वर्ष दुपारी चार वाजले की डोळ्यांत रखरख सुरू होते, पापणीखाली भाताचं कुसळ अडकल्यासारखी. आणि गंमत म्हणजे पाणी घळाघळा वाहतं. परवा एक नवरदेव प्रूफ बघायला आला तो मलाच विचारतो, "काकू, रडताय का?"

डॉक्टरांनी डोळ्यात कागदाची पट्टी अडकवून पाच मिनिटं बसवलं. १६ मिलिमीटर भिजली. म्हणजे पाणी आहे, पण पापण्यांतल्या तेलाच्या ग्रंथी बुजल्यात म्हणून ते डोळ्यावर टिकत नाही, असं म्हणाले. थेंब दिले आणि रोज शेक घ्यायला सांगितला. मुलाने पुण्याहून मास्क पाठवला, आत मण्यांसारखे दाणे असलेला. मायक्रोवेव्हमध्ये २० सेकंद तापवायचा.

मायक्रोवेव्ह आमच्याकडे नाही, खाली जाऊबाईंकडे आहे. तापवून जिना चढेपर्यंत अर्धी ऊब जाते (मधे सासूबाई गाठतात ते वेगळंच). शिवाय आदल्या रात्री त्यात सुरमईचं कालवण तापलेलं असलं तर दहा मिनिटं डोळ्यांवर सुरमई घेऊन पडायचं. शुक्रवारी म्हटलं, जिना धरून ४० सेकंद लावू. वर आले, सासूबाई नेमक्या झोपलेल्या, आणि डाव्या पापणीला असा चटका बसला की विचारू नका.

तव्यावर तापवला तर चालेल का? नेमका किती गरम हवा? आणि मास्क काढल्यावर थोडा वेळ सगळं धूसर दिसतं, जोडाक्षरं एकमेकांत मिसळतात. हे असंच असतं का?

वाळवंटातला_कोल्हापुरी

ताई, तवा अजिबात नको. कापडात सिंथेटिक धागा असतो, तो वितळून बसेल.

मी दोह्याला असतो. बाहेर ४५ अंश, ऑफिसात एसी १८ वर, डोळ्यांचं पार भरीत. मी यूएसबीवर चालणारा मास्क घेतला, पॉवर बँक लावली की झालं. जिना नाही, सुरमई नाही. फक्त आपोआप बंद होणारा बघून घ्या. माझा पहिला तसा नव्हता. एक दिवस लावून झोप लागली, उठलो तर गाल टोमॅटोसारखे. बायको व्हिडिओ कॉलवर पाच मिनिटं हसत होती.

पापणीवाली

मी ऑप्टोमेट्रिस्ट आहे, म्हणून जरा लांब लिहिते.

वरच्या पापणीत तीसेक आणि खालच्या पापणीत त्याहून थोड्या कमी अशा मायबोमियन ग्रंथी असतात. त्यांचं तेल अश्रूंवर पातळ थर धरतं, दुधावर साय धरते तसा. तो नसला की अश्रू भराभर उडून जातात, डोळा चुरचुरतो आणि चुरचुरला की आणखी पाणी सोडतो. तुमचं "रडणं" ते हेच. बुजलेल्या ग्रंथीत हे तेल थिजलेल्या तुपासारखं घट्ट होतं. ते सैल व्हायला मास्क ४० ते ४५ अंशांच्या आसपास हवा आणि ती ऊब ५ ते १० मिनिटं टिकायला हवी. जास्त तापवून लवकर तेल सुटतं असं काही नाही, नुसती कातडी भाजते.

पाकिटावरच्या २० सेकंदांना फार मान देऊ नका, प्रत्येक मायक्रोवेव्हचा जोर वेगळा. थोडे कमीच लावा, मग दाणे हाताने हलवून घ्या, कारण एखादाच कोपरा जास्त तापतो. तुमच्या पापणीने तो शोधलाच आहे. मनगटाच्या आतल्या बाजूला अर्धा मिनिट धरून सोसतो का बघा, मगच डोळ्यांवर. चटक्याची लाली जाईपर्यंत शेक बंद.

मास्क काढल्यावर बोट स्वच्छ धुऊन वरची पापणी खाली आणि खालची वर, हलकेच निपटायची. हे न करता नुसता शेक घेणारे पुष्कळ भेटतात. धूसर दिसणं सुटलेल्या तेलामुळे असतं आणि मास्क दाबून बसला तरी होतं. पट्टा सैल करा. काही मिनिटांत निवळलं तर काळजी नाही. तासभर राहिलं, किंवा डोळा लाल होऊन दुखला, तर डॉक्टरांकडे जा.

एक विचारू? काजळ पापणीच्या आतल्या कडेला घालता का? ग्रंथींची तोंडं नेमकी तिथेच असतात.

निवृत्त_तलाठी

मास्कबिस्क काही घेतला नाही. थर्मासमध्ये गरम पाणी आणि दोन जुने नॅपकिन. एक पिळून डोळ्यांवर, दोन मिनिटांत निवला की दुसरा. पाणी कानात जातं, उशी ओली होते, हिने दोनदा बोलून झालं. पण बारा आणेही खर्च नाही.

जुळारीण_चिपळूण

तीन आठवड्यांनी लिहिते आहे, माफ करा, पत्रिकांची गर्दी होती.

काजळ घालत होते हो, घरचंच, लग्नापासून. आता बंद. आरशात चेहरा आजारी दिसतो, पण होईल सवय.

तलाठीकाकांचे नॅपकिन दोन दिवस केले. नाही जमलं, सारखं उठून पिळायचं तर विश्रांती कसली? शेवटी मास्क वर आणायचाच सोडून दिला. संध्याकाळी मीच खाली जाते. माझी वेगळी झाकणाची काचेची ताटली जाऊबाईंच्या मायक्रोवेव्हवर ठेवली आहे, त्यामुळे सुरमईचा वास गेला. १५ सेकंद, मनगट, आणि त्यांच्या सोफ्यावर आडवी. त्या वेळी त्यांची मालिका लागलेली असते, ती मी तीन आठवडे नुसती ऐकते आहे. रखरख आता चारऐवजी सहाला सुरू होते, तोवर मी घरी निघालेली असते.

आता जाऊबाईंनाही मास्क हवाय. माझाच लावू का म्हणत होत्या, मी नाही म्हटलं, डोळ्यांचं एकमेकांचं वापरू नये. तर कोल्हापूरकर, तुमच्या त्या आपोआप बंद होणाऱ्याची किंमत काय पडली?