शब्दचर्चा : ‘डिफॉल्ट गेटवे’ला मराठीत काय म्हणावे?

प्रश्न : ऑफिसातल्या नेटवर्क प्रिंटरची सेटिंग सहकाऱ्यांसाठी मराठीत लिहून काढते आहे. राउटरवर (वेगवेगळी नेटवर्क एकमेकांना जोडणाऱ्या यंत्रावर; गेटवे म्हणजे बहुधा त्याचाच पत्ता) विनाकारण भार पडू नये, हा हेतू. ‘डिफॉल्ट गेटवे’साठी ‘मूलनिर्धारित प्रवेशद्वार’ आणि ‘सबनेट मास्क’साठी ‘उपजाल मुखवटा’ असे पर्याय सापडले. चालतील का?

उत्तर : ‘प्रवेशद्वार’ कृपया नको. प्रत्येक प्रिंट त्या दारातूनच येते, असा वाचणाऱ्याचा समज होईल. कॉम्प्युटरचा पत्ता १९२.१६८.१.२०, प्रिंटरचा १९२.१६८.१.५० आणि दोन्हीकडे मास्क २५५.२५५.२५५.० असेल, तर मजकूर स्विचवरून (एकाच नेटवर्कातली यंत्रे जोडणाऱ्या डब्यावरून) थेट प्रिंटरकडे जातो. गेटवेचा संबंधच येत नाही. प्रिंटरला १९२.१६८.२.५० दिलात, की प्रत्येक पान राउटरमधून जाणार.

आपल्याकडे ‘वेस’ हा नेमका शब्द आहे. गावातल्या गावात जायला वेस ओलांडावी लागत नाही, परगावी जायचे तरच तिथून जायचे. गेटवेचे काम एवढेच.

‘मुखवटा’ तर दिशाभूलच करतो. मास्क काही लपवत नाही. पत्त्यातला गावाचा भाग कुठे संपतो आणि घराचा कुठे सुरू होतो, ते तो सांगतो. प्रिंटरमध्ये चुकून २५५.२५५.२५५.२४० पडले, तर त्याच्या लेखी गाव ४८ ते ६३ एवढेच उरते. शेजारचा .२० (म्हणजे आपला कॉम्प्युटर) त्याला परका वाटतो आणि त्याला द्यायची उत्तरे तो वेशीकडे धाडतो. इतके करणाऱ्या शब्दाला घाईने प्रतिशब्द देण्यापेक्षा ‘मास्क’च ठेवा, खाली एक ओळ खुलासा द्या.

आणखी एक मत : ‘वेस’ पटले. मग ‘ब्रॉडकास्ट’ला (नेटवर्कातल्या सगळ्यांना एकदम धाडलेल्या निरोपाला) ‘प्रसारण’ न म्हणता ‘दवंडी’ म्हणू या. ती राउटरपलीकडे जात नाही, पण गावातल्या प्रत्येक यंत्राला ऐकावी लागते. जुन्या प्रिंटरमध्ये ॲपलटॉक, आयपीएक्स असे दवंडी पिटणारे जुने नेटवर्क-प्रोटोकॉल चालू राहिलेले असतात; वापरात नसतील तर बंद करायला लिहा.

‘राउटर’ हा शब्दही जपून वापरा. घरगुती डब्यात राउटर, स्विच आणि वाय-फाय तिन्ही एकत्र असतात, त्यामुळे तार त्याच डब्यात खोचलेली दिसली तरी छपाई राउटरच्या भागातून जातेच असे नाही.

प्रश्नकर्ती : ‘वेस (गेटवे)’ असे लिहिते. ‘स्टॅटिक आयपी’ला ‘कायमचा पत्ता’ बरा ना?

उत्तर : हो. राउटरच्या डीएचसीपीमध्ये (यंत्रांना आपोआप पत्ते वाटणाऱ्या सोयीत) तो प्रिंटरसाठी राखून ठेवलात, तर ‘राखीव पत्ता’ म्हणा. दोन्ही रीती वेगळ्या आहेत.