मदत हवी आहे: प्रूफं तपासायला आणि आईला मालिका बघायला, पंचवीस-तीस हजारांत कुठला टॅबलेट?

नीरजा_पुणे

नमस्कार मंडळी,

मी मराठी पुस्तकांच्या मुद्रितशोधनाची कामं करते. पूर्वी प्रकाशकांकडून कागदाचे गठ्ठे यायचे, आता बहुतेक जण पीडीएफ पाठवतात. लॅपटॉप आहे, पण त्याच्या आडव्या पडद्यावर एक अख्खं पान वाचण्याइतकं मोठं दिसत नाही. अर्धं पान वाचायचं, सरकवायचं, पुन्हा वर जायचं, यात ओळ सुटते. हातात धरून, उभं पान समोर ठेवून, पेनाने थेट समासात खुणा करता याव्यात म्हणून टॅबलेट घ्यायचा विचार आहे.

बजेट पंचवीस ते तीस हजार, पेन धरून. खूपच फरक पडणार असेल तर दोन-तीन हजार वर जाईन. दिवसा तो माझ्याकडे असेल आणि संध्याकाळी सातनंतर आईकडे. तिला मालिका, यूट्यूबवरची नाटकं, जुने मराठी चित्रपट आणि भारताची मॅच असेल तर मॅच. गेम घरात कोणीच खेळत नाही, फोटो काढायचे नाहीत, त्यामुळे कॅमेरा कसाही चालेल. सिम नको, घरी वायफाय आहे आणि बाहेर फोनचा हॉटस्पॉट.

आता माझी खरी अडचण सांगते. टॅबलेटची परीक्षणं बघितली की प्रोसेसरचे आकडे आणि गेम किती वेगाने चालतो हेच सगळीकडे असतं. देवनागरी बारीक टायपात कशी दिसते हे कोणी सांगत नाही. माझं सगळं काम त्यावर अवलंबून आहे. ‘सर्वांना’ हा शब्द घ्या. ‘वा’च्या कान्याच्या डोक्यावर रफार आणि अनुस्वार एकाच जागी येतात. पडदा पुरेसा बारीक नसेल तर रफाराच्या वळणात टिंब बुडून जातं आणि ‘सर्वाना’ छापलंय की ‘सर्वांना’ हे झूम केल्याशिवाय कळत नाही. ‘वर्ष’ आणि ‘वर्षं’चंही तेच. दर ओळीला झूम करायचं असेल तर टॅबलेट घेण्यात अर्थच नाही.

म्हणून मी इंचाला किती पिक्सेल पडतात ते बघायला लागले. सॅमसंग गॅलॅक्सी टॅब ए९ प्लस ११ इंची, १९२० × १२००, म्हणजे इंचाला साधारण २०६. शाओमी पॅड ६ तेवढ्याच आकाराचा, पण २८८० × १८००, म्हणजे ३०९. वनप्लस पॅड गो ११.३५ इंची, २४०८ × १७२०, म्हणजे २६०. दहाव्या पिढीचा आयपॅड २६४. कागदावर फरक मोठा दिसतो. पण २०६ खरोखर कमी पडतात का, की मी उगाच घाबरते आहे? कोणी ए९ प्लसवर मराठी पीडीएफ वाचत असेल तर कृपया सांगा.

पेनचाही घोळ आहे. ए९ प्लस आणि पॅड गो या दोन्हींना कंपनीचा पेन चालतच नाही, हे नीट शोधल्यावर कळलं. रबरी टोकाचा साधा स्टायलस कुठेही चालेल, पण त्याने समासात काकपद (सुटलेलं अक्षर मध्ये घालायची खूण) कसं काढणार? शिवाय तळहात टेकला की पान सरकतं. पेन माझ्यासाठी हवाच, पण त्यासाठी आईच्या वाट्याला लहान चित्र यावं असं मला वाटत नाही. तिची नजर आता पूर्वीसारखी नाही आणि दिवसभरात तिची स्वतःची म्हणावी अशी करमणूक एवढीच आहे.

दुकानात जाऊन बघून आले. डेमोच्या टॅबलेटवर कंपनीचा रंगीत व्हिडिओ सतत चालू असतो, त्यात सगळेच सुरेख दिसतात. एका ठिकाणी मी माझी फाइल उघडून बघू का विचारलं तर नकार मिळाला. घरी आणल्यावर कळून काय उपयोग?

कोणते मॉडेल बघू आणि दुकानात नेमकं काय तपासू, दोन्ही सांगा.

---

कर्वेरोडकर

नीरजाताई, आईंच्या बाजूने आधी एक गोष्ट बघा, कारण ती खोक्यावर लिहिलेली नसते. ओटीटीवाले व्हिडिओला कुलूप लावून पाठवतात, ते उघडायची अँड्रॉइडवरची व्यवस्था म्हणजे वाइडवाइन. टॅबलेटला त्याची एल१ पातळी असेल तरच नेटफ्लिक्ससारखी ॲप्स एचडी चित्र देतात. एल३ असेल तर ४८० रेषांच्या आसपास अडकता, मग पडदा कितीही भारी असो. डीआरएम इन्फो नावाचं फुकट ॲप आहे, त्यात ‘सिक्युरिटी लेव्हल’ दिसते. नावाजलेल्या कंपन्यांच्या या किमतीच्या टॅबलेटना बहुधा एल१ असतंच, पण अनोळखी नावाचा, स्वस्तात मोठा पडदा देणारा काही दाखवला तर हे आधी तपासा.

दुसरं स्पीकर. आडवा धरल्यावर दोन्ही बाजूंना स्पीकर हवेत. एकाच कडेला असतील तर संवाद एका कानात येतात आणि धरताना हाताने झाकलेही जातात. वयस्कर माणसांना चित्रापेक्षा आवाजाचा त्रास जास्त होतो. तुम्ही लिहिलेल्या अँड्रॉइडवाल्या तिन्हींना चार-चार स्पीकर आहेत, ती काळजी नाही.

आणि फाइल उघडू देत नाहीत तिथून सरळ बाहेर पडा. टिळक रोडला आणि कॅम्पात भरपूर दुकानं आहेत. गर्दी नसेल तेव्हा, म्हणजे आठवड्यातल्या दिवशी सकाळी अकराच्या सुमारास जा, माणसं निवांत असतात. फाइल ड्राइव्हवर ठेवून लिंक उघडण्यापेक्षा टाइप-सी पेनड्राइव्ह न्या. लॉगिन करावं लागत नाही म्हणून तेही फारसे आढेवेढे घेत नाहीत.

---

पेठकर

पिक्सेलआधी पडद्याचा आकार बघा. नुसत्या इंचांवर जाऊ नका, ती कर्णाची लांबी असते. मी गणित करून देतो.

११ इंची, लांबी-रुंदी १६:१० प्रमाणात असलेला पडदा (ए९ प्लस, पॅड ६) उभा धरला तर रुंदी १४.८ सेंटिमीटर. ए४ कागद २१ सेंटिमीटर रुंद. म्हणजे पान ७० टक्के होतं आणि १२ पॉइंटचा टाइप साडेआठचा दिसतो. पॅड गोचा पडदा ७:५ आहे, रुंदी १६.८, पान जवळजवळ ८० टक्के, टाइप साडेनऊचा. ए४चं प्रमाण १.४१ आणि ७:५ म्हणजे १.४, त्यामुळे पान चारी बाजूंनी जवळजवळ फिट्ट बसतं. नेमका त्यालाच पेन नाही, ही खरी चुटपुट.

पण तुमच्या यादीत नसलेला एक आहे, शाओमी पॅड ७. आपल्याकडे जानेवारी २०२५ मध्ये आला, सुरुवातीची किंमत २७,९९९. पडदा ११.२ इंची, ३:२, ३२०० × २१३६. उभा धरल्यावर रुंदी १५.८, पान ७५ टक्के, टाइप नऊचा, आणि इंचाला ३४४ पिक्सेल. आता आईंसाठीचा भाग: आडवा धरला तर लांबी २३.७ सेंटिमीटर. ११ इंची १६:१०ची लांबीही २३.७च आहे! मालिका १६:९मध्ये असतात, त्या पूर्ण लांबी वापरतात, म्हणजे दोन्हींवर चित्र अगदी तेवढंच. वर-खाली काळी पट्टी जरा जाड दिसेल, पण चित्र लहान होत नाही. लोक पट्टी बघून फसतात.

बरेच जुने चित्रपट आणि दूरदर्शनच्या जुन्या मालिका ४:३ आहेत. त्या उंच पडद्यावर उलट मोठ्या दिसतात. १६:१०वर त्यांची उंची १४.८ मिळते, पॅड ७वर १५.८, पॅड गोवर १६.८. तेव्हा पानासाठी उंच पडदा घेतला म्हणून आईंचं काही कमी होत नाही.

पेन मात्र वेगळा घ्यावा लागतो, ती रक्कम धरून चाला. मेमरी कार्डाची सोय नाही, बोटाच्या ठशाचं कुलूपही नाही.

---

नीरजा_पुणे

पेठकर, हे गणित कुठेच वाचलं नव्हतं. आभार तर आहेतच, पण खरं सांगायचं तर आईचं चित्र लहान होत नाही हे कळल्यावर मनावरचं ओझं उतरलं. एक विचारते: सॅमसंगचा एस९ एफई कसा? त्याच्या खोक्यातच एस पेन येतो आणि पाण्यापासून बचाव म्हणून आयपी६८ आहे. चहाचा कप शेजारी असतोच.

---

अक्षरजुळणी

मी डीटीपी करतो, म्हणजे संगणकावर पुस्तकाची पानं जुळवतो, तुमच्या टेबलाच्या पलीकडच्या बाजूला. एस९ एफई १०.९ इंची, १६:१०, इंचाला २४९ पिक्सेल. पेन फार छान आहे, त्याला चार्ज न करताही लिहिता येतं. २०२३ मध्ये आला तेव्हा ३६,९९९ होता, सेलमध्ये किती खाली येतो बघा.

पण मूळ मुद्दा वेगळा. तुम्हाला ए४ पान कशाला हवं? पुस्तक डेमी असेल तर पान साडेपाच बाय साडेआठ इंच, म्हणजे १४ बाय २१.६ सेंटिमीटर. ते ११ इंची कुठल्याही टॅबलेटवर शंभर टक्के आकारात बसतं! अडचण अशी होते की आम्ही पीडीएफ काढताना डेमी पान ए४च्या मध्यभागी, कापायच्या खुणांसकट ठेवतो. मग टॅबलेट सगळं ए४ दाखवतो आणि चारी बाजूंचा पांढरा कागद जागा खातो. डीटीपीवाल्याला सांगा, ‘प्रूफाची पीडीएफ ट्रिम आकारात, खुणा न घालता द्या.’ ट्रिम आकार म्हणजे छापून कापल्यावरच्या पानाचं माप. एक मिनिटाचं काम आहे. एवढं केलंत तर २०६ आणि ३४४ यांतला फरकही पुष्कळ सुसह्य होतो, कारण टाइप मूळ मापाचा दिसतो. तरी रफारावरच्या टिंबासाठी मी स्वतः २५० च्या खाली जाणार नाही.

समास मात्र अरुंद राहील, त्यामुळे लांब दुरुस्ती हाताने लिहिण्यापेक्षा कॉमेंट टाका. ॲक्रोबॅट रीडरमध्ये हायलाइट, कॉमेंट आणि पेनाने लिहिणं फुकट आहे. आम्हाला कॉमेंट यादीसारख्या दिसतात, एकही सुटत नाही. पेनाच्या खुणा नजरेने शोधाव्या लागतात.

दुसरं, वर्ड फाइल. प्रकाशकाने जुनी श्रीलिपीतली (युनिकोडआधीच्या मराठी फाँटांतली) फाइल पाठवली तर टॅबलेटवर रोमन अक्षरांचा कचरा दिसेल, कारण तो युनिकोड मजकूर नसतो आणि फाँट तुमच्याकडे नसतो. पीडीएफमध्ये फाँट आतच बसवलेला असतो म्हणून ती नीट दिसते, पण त्यातला शब्द शोधायला गेलात तर सापडणार नाही. तेव्हा अशा मजकुराची पीडीएफ मागा, किंवा युनिकोडमध्ये बदलून मागा.

---

वाचनवेडी

वर्डचा विषय निघाला म्हणून. मायक्रोसॉफ्टचं मोबाइल वर्ड १०.१ इंच किंवा त्याहून लहान पडद्यावरच फुकट संपादन करू देतं. त्याहून मोठ्या टॅबलेटवर फाइल वाचता येते, दुरुस्त करायला मायक्रोसॉफ्ट ३६५ची वर्गणी लागते. म्हणजे इथे चर्चा चाललेल्या सगळ्याच टॅबलेटवर. गूगल डॉक्समध्ये वर्डची फाइल उघडते आणि दुरुस्त्या ‘सजेशन’ म्हणून राहतात, त्याला पैसे नाहीत.

वजनाकडेही बघा. पॅड गो ५३२ ग्रॅम, पॅड ७चं वजन ५०० ग्रॅम, ए९ प्लस ४८०. ऐकायला फरक थोडा, पण कीबोर्डवालं कव्हर लावलं की वजन खूप वाढतं आणि हातात धरून वाचणं संपतं. तुम्हाला कीबोर्ड नकोच आहे. साधं, मागे स्टँड होणारं कव्हर तपकीर गल्लीत बघा. आईंना मांडीवर न धरता टेबलावर उभा करता आला पाहिजे.

---

नीरजा_पुणे

सगळ्यांचे मनापासून आभार. अक्षरजुळणी, ट्रिम आकाराचं मी आजच दोन्ही प्रकाशकांच्या डीटीपीवाल्यांना कळवलं, एकाने लगेच तशी फाइल पाठवलीसुद्धा.

आता पॅड ७ आणि एस९ एफई एवढेच दोन उरले. पेनड्राइव्हवर तीन फाइली टाकल्या आहेत: एक डेमी प्रूफ ट्रिम करून, तेच ए४वर, आणि तिसऱ्या फाइलीत ‘सर्वांना’, ‘वर्षं’, ‘मार्गांनी’, ‘ऱ्हस्व’ हे शब्द आठ पॉइंटमध्ये. आईला बरोबर नेणार आहे, आवाज तिनेच ऐकून ठरवायचा.

एक राहिलं. पेनाचं टोक झिजतं असं वाचलं. रोज चार-पाच तास खुणा करायच्या म्हटल्या तर ते साधारण किती महिने टिकतं, आणि या दोन्ही पेनांची सुटी टोकं पुण्यात मिळतात की ऑनलाइनच मागवावी लागतात? कोणी वापरत असेल तर दुकानासकट सांगा, म्हणजे त्याच फेरीत घेऊन येईन.