ऐकणाऱ्यानं आपलं कधी सांगावं का?

धुरेकरी, ता. दारव्हा
नमस्कार मंडळी. दोन वर्षांपूर्वी मला नैराश्य आलं होतं. यवतमाळहून गोळ्या सुरू झाल्या, फरक पडला. मग आमच्या आशाताईंनी धुऱ्यापलीकडच्या एकाला माझ्याकडे धाडलं. "तुम्ही यातून गेले, बसत जा त्याच्यासंगं." त्याची झोप उडालेली, जेवण तुटलेलं, बायकोशी अबोला. आम्ही जागलीला एकत्र बसू लागलो. रोही-डुकरं हाकलायची, शेकोटी करायची. अंधारात तोंड दिसत नाही, मग माणूस मोकळा बोलतो. तालुक्याच्या शिबिरात शिकवलं होतं की सल्ला देऊ नका, मधात तोडू नका, विचारा आणि ऐका. तीन महिने तेच पाळलं.

परवा तो भडकला. "तू निरा इचारतच रायतं. सांगत काईच नाई. मी का पेशंट हाओ तुहा?" उठून गेला तो आलाच नाही.

खरं म्हणजे सोयाबीन गेल्यापासून माझीही झोप पुन्हा तीनला मोडते. हे त्याला सांगू का? त्याचंच त्याला कमी आहे का?

वर्धेची मावशी
अरे बापा, तो तीन महिने उघडा पडला आणि तू बटनं लावून बसला! माझे मालक गेले तेव्हा बचत गटातल्या सगळ्या "कशी हायेस?" विचारायच्या. मी म्हणायची, बरी हाय. एकीनं काही विचारलं नाही. म्हणाली, मले अजून फवारणीच्या वासानं मळमळते. त्या दिवशी मी पहिल्यांदा बोलली.

मास्तर, पुसद
दारू सोडून १४ वर्षं झाली. १९३५ साली अमेरिकेत अ‍ॅक्रन गावी बिल नावाच्या माणसाला दारूची तलफ आली, तेव्हा तो दुसऱ्या दारुड्याला, एका डॉक्टरला, शोधत गेला. त्याला सुधारायला नव्हे, स्वतः वाचायला. त्या भेटीतून अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमस, म्हणजे दारू सोडणाऱ्यांनी एकमेकांना धरून ठेवायची संघटना, उभी राहिली. तुझी गरज लपवून तू त्याला खाली बसवलंस, कळलं का?

समुपदेशक ताई
शिबिरातलं चूक नाही, पण ते सुरुवातीपुरतं. अमेरिकेतल्या शेरी मीड यांच्या 'इंटेन्शनल पीअर सपोर्ट' या, त्रासातून गेलेल्यांनी एकमेकांना आधार द्यायच्या पद्धतीत एकानं मदत करायची आणि दुसऱ्यानं घ्यायची असं नसतं, दोघांनी मिळून शिकायचं असतं. मात्र सांगण्याआधी विचारा, आज ऐकायला जमेल का? आणि दोघांपैकी कुणाच्याही तोंडी मरणाचा विषय आला तर सरळ विचारा. विचारल्यानं ते डोक्यात भरत नाही. फवारणीचे डबे कोठ्यातून हलवा. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ नंबर चोवीस तास फुकट लागतो.

धुरेकरी, ता. दारव्हा
काल मीच त्याच्या कोठ्यात गेलो. डब्यांचं आधी पाहिलं, ते त्याच्या भावानं केव्हाच नेले होते. मग म्हटलं, "माह्यं आयकतं का थोडं?" तो खर्रा घोटत राहिला. मी सांगितलं, सोयाबीनचं, झोपेचं, सोसायटीच्या कर्जाचं. मास्तर, वाटलं तेवढं सोपं नव्हतं. दोनदा उठून जावंसं वाटलं.

बराच वेळ तो काही बोलला नाही. मग म्हणाला, "गोया चालू हायेत का तुह्या?"

दिवाळीपासून माझ्याच मनानं बंद केल्या होत्या. घरीही सांगितलं नव्हतं.

मंगळवारी दोघं यवतमाळला जातो. गाडी त्याची, पेट्रोल माझं.