मुंबई उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायमूर्ती इथलेच का नसावेत?

अजिंक्यतारा (सातारा)
18 ऑगस्ट 2025 ला मुंबई उच्च न्यायालयाचं कोल्हापूरचं सर्किट बेंच (मुख्य ठिकाणाबाहेर बसणारं, अजून कायम नसलेलं न्यायपीठ) सुरू झालं. सातारा, सांगली, कोल्हापूर, सोलापूर, रत्नागिरी, सिंधुदुर्ग या सहा जिल्ह्यांची प्रकरणं आता तिथं चालतात. ज्यांनी या बेंचचा आदेश काढला ते मुख्य न्यायमूर्ती आलोक आराधे जानेवारीत मुंबईला आले होते आणि बेंच सुरू झालं त्याच महिन्याच्या अखेरीस सर्वोच्च न्यायालयात गेले. त्यांच्या बढतीबद्दल काही म्हणणं नाही, पण ऑक्टोबर 2018 ते सप्टेंबर 2025 या सात वर्षांत मुंबईत आठ जणांनी मुख्य न्यायमूर्तिपदाची शपथ घेतली. अशानं कुठलं न्यायालय मार्गी लागणार?

आपल्या भागाला याची झळ जास्त बसते. कोल्हापूरचं बेंच 1956 च्या राज्य पुनर्रचना कायद्याच्या कलम 51(3) खाली आहे. म्हणजे मुख्य न्यायमूर्तींचा आदेश आणि राज्यपालांची मंजुरी. कायम खंडपीठ 51(2) खाली, राष्ट्रपतींच्या आदेशानं होतं. औरंगाबादलाही 1981 मध्ये 51(3) वरच सुरुवात झाली, कायम व्हायला 1984 उजाडलं. कोल्हापूरला किती न्यायमूर्ती बसवायचे, जामीन कुणापुढे, दुसरी अपिलं कुणापुढे, हे सगळं रोस्टर (कामाची वाटणी) मुख्य न्यायमूर्तीच ठरवतात.

माझं म्हणणं असं: याच न्यायालयातले सर्वांत ज्येष्ठ न्यायमूर्ती मुख्य व्हावेत आणि किमान दोन वर्षं राहावेत. बाहेरून आणण्याचं धोरण बंद करावं.

हरिपूर_संगम (सांगली)
आठाचा आकडा बरोबर आहे, पण त्यातले कोण किती टिकले ते पाहा. नरेश पाटील, भूषण धर्माधिकारी, रमेश धानुका हे तिघे मुंबई उच्च न्यायालयातलेच. पाटील ऑक्टोबर 2018 ते एप्रिल 2019. धर्माधिकारी 2020 च्या मार्च-एप्रिलमध्ये जेमतेम महिनाभर. धानुकांची शपथ 28 मे 2023 ला, निवृत्ती 30 मे ला. उलट कलकत्त्याहून आलेले दीपांकर दत्ता एप्रिल 2020 ते डिसेंबर 2022 राहिले. या आठांतला घरचा एकही वर्षभर टिकला नाही. मग "इथलेच असावेत" म्हटल्यानं स्थैर्य कसं येणार?

अजिंक्यतारा
घरचे लवकर जातात ते नियमामुळे! न्यायमूर्तींच्या नेमणुकांबद्दल सर्वोच्च न्यायालयानं 1998 मध्ये दिलेल्या मतानंतर 1999 मध्ये जी मेमोरँडम ऑफ प्रोसिजर (नेमणुकांची कार्यपद्धती) ठरली, तिच्यात आपल्याच उच्च न्यायालयात मुख्य होण्याची सवलत निवृत्तीला एक वर्ष किंवा त्याहून कमी उरलेल्यांनाच आहे. ज्याची तीन वर्षं उरलीत त्याला दुसऱ्या राज्यात जावं लागतं. घरच्याला तेल संपत आलेला दिवा हातात द्यायचा आणि वर म्हणायचं, हा लवकर विझला. ही एक वर्षाची अट काढा, मग तुलना करा.

कृष्णाकाठ (कराड)
पद्धत नीट मांडतो, नाहीतर दोन्ही बाजू हवेत राहतील. उच्च न्यायालयाच्या मुख्य न्यायमूर्तींचा प्रस्ताव राज्यातून निघत नाही. सरन्यायाधीश सर्वोच्च न्यायालयातल्या दोन ज्येष्ठतम सहकाऱ्यांशी विचार करून तो सुरू करतात. त्या उच्च न्यायालयाची माहिती असलेल्या इतर न्यायमूर्तींचं मतही घेतात. मग केंद्रीय विधी मंत्रालय, राज्य सरकारचं मत, पंतप्रधान, आणि शेवटी राष्ट्रपतींचा आदेश. पद रिकामं होण्याच्या किमान एक महिना आधी हे सगळं पूर्ण व्हायला हवं.

ज्येष्ठतेचा हिशेबही लोक चुकवतात. देशभरातल्या न्यायमूर्तींची एकच रांग लावून वरचा उचलायचा, असं नाही. ज्याची पाळी त्याच्या मूळ न्यायालयात साधारण आली असती, त्याचा त्या सुमारास दुसरीकडे विचार होतो.

आता मुंबईत काय झालं ते पाहा. डिसेंबर 2022 मध्ये दत्ता सर्वोच्च न्यायालयात गेले. पुढचे मुख्य थेट मे 2023 मध्ये. मधले पाच महिने न्या. गंगापूरवाला प्रभारी. धानुकांची शिफारस न्यायवृंदानं (सरन्यायाधीश आणि ज्येष्ठ सहकाऱ्यांच्या मंडळानं) एप्रिलमध्येच केली होती, आदेश निघाला मेच्या शेवटच्या आठवड्यात. तो लगेच निघता तर त्यांना तीन दिवसांऐवजी महिनाभर तरी मिळाला असता. ते निवृत्त झाल्यावर पुन्हा जुलै अखेरपर्यंत न्या. जामदार प्रभारी. हा गोंधळ फायलीच्या विलंबाचा आहे, आतला-बाहेरचा यानं तो सुटणार नाही. घटनेचं कलम 223 प्रभारी नेमण्याची सोय देतं, पण ती गळती थांबेपर्यंत खाली बादली ठेवावी तशी आहे.

हरिपूर_संगम
सहमत. शिवाय बढतीनं होणारी जागा अचानक रिकामी होते, ही सबब चालत नाही. वर कुणाला घ्यायचं हे ठरवणारे आणि खाली मुख्य कोण हे ठरवणारे, दोन्ही सर्वोच्च न्यायालयातच बसतात. निवृत्तीची तारीख तर न्यायमूर्ती रुजू होतात त्याच दिवशी ठरलेली असते: वयाची 62 वर्षं.

बाहेरचा का, याचंही उत्तर देतो. मुख्य न्यायमूर्ती रोस्टर लावतात आणि दोन ज्येष्ठांसह नव्या न्यायमूर्तींची नावं सुचवतात. तीस वर्षं त्याच न्यायालयाच्या वकीलवर्गात काढलेल्या माणसाचे भाचे, जुने सहकारी, जुने वैरी सगळे त्याच इमारतीत असतात. तो कितीही सचोटीचा असला तरी पक्षकाराच्या मनात शंका उरतेच.

अजिंक्यतारा
आणि बाहेरून आलेल्यांना साताऱ्याचा किंवा सांगलीचा कुठला वकील तयारीनं बाजू मांडतो, हे कसं कळणार? मंजूर पदं 94. मुंबई, नागपूर, औरंगाबाद, गोवा आणि आता कोल्हापूर, इतकी माणसं ओळखायलाच सहा महिने जातात. तोवर बदली. 1976 मध्ये आणीबाणीत 16 न्यायमूर्तींच्या बदल्या झाल्या, त्या कशासाठी हे सगळ्यांना माहीत आहे. बदलीचं हत्यार कुणाच्याही हाती द्यायला मला भीती वाटते. आपल्या माहुलीचे रामशास्त्री पेशव्यांच्या घरातल्या खुनाबद्दल पेशव्यालाच दोषी म्हणू शकले. पुण्यातली माणसं ते ओळखून होते, हेही त्यामागे होतंच.

कृष्णाकाठ
रामशास्त्रींची नेमणूक पेशव्यांचीच होती. तो कणा त्यांचा स्वतःचा. त्यावर नियम बांधता येत नाही.

मिरज_जंक्शन
किमान दोन वर्षांबद्दल बोला ना. साठ वर्षं आठ महिन्यांचा ज्येष्ठ न्यायमूर्ती असेल तर त्याला वगळणार का? वगळलं की निवड आली, आणि निवड आली की निवडणाऱ्याची मर्जी आली. 1964 मध्ये न्या. जाफर इमाम ज्येष्ठ असूनही आजारी होते, म्हणून साताऱ्यात जन्मलेले गजेंद्रगडकर सरन्यायाधीश झाले. कारण खरं होतं. पण सरन्यायाधीश नेमण्याच्या "योग्य असलेला ज्येष्ठतम" या नियमातल्या "योग्य" शब्दाची फट नऊ वर्षांनी कशी वापरली गेली? 1973 मध्ये शेलत, हेगडे, ग्रोव्हर या तिघा ज्येष्ठांना डावलून ए. एन. रे सरन्यायाधीश, 1977 मध्ये खन्नांना डावलून बेग. म्हणून दोन वर्षांची अट मला नको. त्यापेक्षा उच्च न्यायालयाचं निवृत्तीवय 65 करा. 2010 चं 114 वं घटनादुरुस्ती विधेयक त्यासाठीच होतं, ते संमत न होताच त्या लोकसभेच्या मुदतीबरोबर संपलं.

आणि मुख्य न्यायमूर्ती चुकीचे निघाले तर? ते काढण्याची वाट इतकी अरुंद आहे की नेमताना चूक परवडत नाही. लोकसभेच्या 100 किंवा राज्यसभेच्या 50 सदस्यांची सूचना, तिघांची चौकशी समिती, मग दोन्ही सभागृहांत एकूण सदस्यांचं बहुमत आणि हजर राहून मत देणाऱ्यांचे दोन-तृतीयांश. सर्वोच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती व्ही. रामस्वामींवरचे आरोप पंजाब-हरियाणाचे मुख्य न्यायमूर्ती असतानाच्या खर्चाचे होते. 1993 मध्ये प्रस्तावाच्या बाजूनं 196 मतं पडली, विरोधात एकही नाही, तरी तो पडला. 205 सदस्य तटस्थ बसले आणि एकूण सदस्यांचं बहुमत झालं नाही. मग सोपी वाट म्हणून बदली होते. आरोप झालेले मुख्य न्यायमूर्ती दिनकरन यांना 2010 मध्ये कर्नाटकातून सिक्कीमला पाठवलं, तेही मुख्य न्यायमूर्ती म्हणूनच! कर्नाटकाला जे नको ते सिक्कीमच्या पक्षकारानं का सोसायचं?

अजिंक्यतारा
दिनकरन यांचं उदाहरण माझ्याच बाजूचं आहे, पण दोन वर्षांची अट मागे घेतो. तुमचा आक्षेप बरोबर आहे. आता एवढंच मागतो: घरच्यांसाठीची एक वर्षाची मर्यादा काढा, आणि मुख्य न्यायमूर्तींच्या बढतीची शिफारस होईल त्याच ठरावात पुढच्याचं नाव असू द्या.

हरिपूर_संगम
दुसरी मागणी पूर्ण मान्य. पहिली नाही, मुख्य न्यायमूर्ती बाहेरचेच असावेत. आणि आपल्या सहा जिल्ह्यांच्या बार असोसिएशननी आधी 51(2) चा पाठपुरावा करावा. त्यात राष्ट्रपती राज्यपालांशी आणि मुख्य न्यायमूर्तींशी सल्लामसलत करतात, म्हणजे पहिलं निवेदन मुंबईत मुख्य न्यायमूर्तींकडेच जायला हवं. सोबत सहा जिल्ह्यांतली किती प्रकरणं कोल्हापूरला वर्ग झाली, महिन्याला किती निकाली निघाली, किती दिवस बोर्ड (त्या दिवशीच्या प्रकरणांची यादी) पूर्ण चालला नाही, याचा तक्ता जोडा. मुख्य न्यायमूर्ती बदलले तरी तो तक्ता फाइलमध्ये राहील.