‘प्रो हाक वीचे’ला मराठीत काय म्हणावे?

प्रश्न : अमेरिकेतील एका दाव्याच्या कागदपत्रांचा अनुवाद करताना ‘मोशन फॉर परमिशन टू अपीअर प्रो हाक वीचे’ या शीर्षकापाशी अडलो आहे. न्यूयॉर्कची सनद असलेल्या वकिलाने ओहायोतील न्यायालयात केलेला हा अर्ज आहे. मी तूर्त ‘तात्पुरत्या सनदेसाठी अर्ज’ असे लिहिले आहे. ते योग्य ठरेल का?

उत्तर : आपल्या शब्दयोजनेतील दोन्ही शब्दांना माझी हरकत आहे. लॅटिनमध्ये ‘प्रो’ म्हणजे साठी, ‘हाक’ म्हणजे या, आणि ‘वीचे’ हे पाळी किंवा खेप या अर्थाच्या नामाचे रूप. (अमेरिकेतील वकील त्याचा उच्चार ‘वाइसी’ असाही करतात, आणि ‘व्हाइस प्रेसिडेंट’मधला ‘व्हाइस’ही याच नामाचा.) म्हणजे ‘या खेपेपुरते’ हा आपला घरगुती प्रयोग मूळ लॅटिनशी जवळजवळ शब्दशः जुळतो. ‘तात्पुरता’ या शब्दातही ‘तेवढ्यापुरता’ हा भाव आहेच, पण आज तो ऐकताच वाचकाच्या मनात मुदत येते. इथे मर्यादा काळाची नसून प्रकरणाची आहे, आणि दावा दहा वर्षे चालला तरी बाहेरच्या राज्यातील वकिलाला न्यायालयाने दिलेली काम चालवण्याची अनुमती त्याच दाव्यापुरती राहते. सनद तर मुळीच दिली जात नाही. ती न्यूयॉर्कचीच राहते.

शिवाय ही अनुमती हक्काने मागता येत नाही. ‘हसलर’ मासिकाच्या लॅरी फ्लिंट यांच्यावरील खटल्यात ओहायोच्या न्यायालयाने न्यूयॉर्कच्या वकिलांना काम चालवू दिले नाही, तेव्हा अशा उपस्थितीला राज्यघटनेचे संरक्षण नाही, असे अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने 1979 मध्ये ठरवले. प्रथा मात्र जुनी आहे: 1735 मध्ये न्यूयॉर्कमध्ये मुद्रक झेंगर यांच्या बचावासाठी फिलाडेल्फियाचे अँड्र्यू हॅमिल्टन उभे राहिले होते.

प्रश्न : मग ‘प्रकरणापुरत्या उपस्थितीची अनुमती’ असे लिहावे काय? आणि अशा वकिलाला ‘परप्रांतीय वकील’ म्हणावे का?

उत्तर : ‘उपस्थिती’ आणि ‘हजर होणे’ हे शब्द आरोपी आणि साक्षीदारालाही लागतात, त्यामुळे वाचकाला वकील नुसता बाकावर येऊन बसला असे वाटू शकते. आपल्याकडच्या न्यायालयांत ‘काम चालवणे’ हा रुळलेला प्रयोग आहे. तेव्हा ‘या प्रकरणापुरते काम चालवण्याच्या अनुमतीसाठी अर्ज’ असे लिहावे. ‘परप्रांतीय’ला महाराष्ट्रात राजकारणाचा वास येतो, ‘परराज्यातील वकील’ पुरेसे आहे.

मराठी वाचकाला एक तळटीप मात्र द्यावी, कारण तो आपल्या अनुभवावरून अर्थ लावणार. ॲडव्होकेट्स ॲक्टचे कलम 30 हे 15 जून 2011 पासून लागू झाल्यामुळे महाराष्ट्र व गोवा बार कौन्सिलकडे नोंद असलेल्या वकिलाला देशभर वकिली करता येते, आणि असा अर्ज त्याला सहसा परिचयाचा नसतो. अपवाद उच्च न्यायालयांच्या नियमांचा: बाहेरच्या राज्यातील वकिलाने स्थानिक वकिलाला बरोबर घेतले पाहिजे, हा अलाहाबाद उच्च न्यायालयाचा नियम सर्वोच्च न्यायालयाने 2016 मध्ये वैध ठरवला. कॅलिफोर्नियातही स्थानिक वकिलाची सोबत लागतेच. मात्र या अनुमतीला ‘वकीलपत्र’ म्हणू नये, कारण वकीलपत्र पक्षकार देतो आणि अनुमती न्यायालय देते.

प्रश्न : पटले. याच संचात पुढे न्यायालयाने ती परवानगी मागे घेतल्याचा आदेश आहे, आणि माझ्या पहिल्या मसुद्यात त्याचे मराठी ‘तात्पुरती सनद रद्द’ असे झाले होते.

उत्तर : ते आजच बदलावे. मराठी वाचक ‘सनद रद्द’ हे शब्द गैरवर्तनाच्या शिक्षेशी जोडतो, आणि ज्या वकिलाला केवळ एका प्रकरणातून बाजूला केले, त्याची वकिलीच संपली असा त्याचा समज होईल. ‘या प्रकरणापुरती दिलेली अनुमती मागे घेण्यात येत आहे’ असे लिहावे.