रक्तगटाचा ऑनलाइन खेळ: गुण मिळतात, शोध कळत नाही

प्रश्न: नववीची मुलं खेळात रुग्णाचा रक्तगट ओळखून योग्य पिशवी चढवतात. पण लँडस्टायनरने गट शोधले कसे, हे सांगता येत नाही. काय करावं?

उत्तर १: खेळात गटांची नावं आयती मिळतात, म्हणून शोधच निसटतो. आधी कागदावर ६×६ चा तक्ता करा. आडव्या ओळीत सहा जणांचा रक्तद्रव, उभ्या रकान्यांत त्याच सहा जणांच्या तांबड्या पेशी. १९०१ च्या शोधनिबंधात लँडस्टायनरने असाच तक्ता दिला होता. गुपचूप दोन ए, दोन बी, दोन ओ ठरवा, मुलांना फक्त क्रमांक सांगा. गुठळी झाली तिथे अधिक चिन्ह: ३६ पैकी १६ चौकटी भरतील. कर्ण रिकामा राहतो, कारण स्वतःचा द्रव स्वतःच्या पेशींना गोळा करत नाही. गट मुलांनीच पाडायचे, खेळ त्यानंतर!

उत्तर २: एबी मुद्दाम वगळलात, उत्तम. तो १९०२ मध्ये सापडला. सातवा माणूस म्हणून शेवटी आणा. त्याची ओळ कोरी, रकान्यात मात्र सहाही अधिक चिन्हं.

प्रश्नकर्ता: खेळातल्या अँटी-ए नळीत रुग्णाचं रक्त टाकल्यावर गुठळी दिसली की काही जण ‘ए नाही’ म्हणतात.

उत्तर १: नळीत प्रतिपिंड असतं (पेशींना चिकटून त्यांना गोळा करणारं प्रथिन), प्रतिजन पेशीवर (ते जिला चिकटतं ती ए किंवा बी खूण). गुठळी म्हणजे जोडी जुळली, म्हणजे ए आहेच. अँटी-डी नळी, म्हणजे आरएच घटक (गटापुढचं पॉझिटिव्ह-निगेटिव्ह) तपासणारी, पहिल्या फेरीत झाकून ठेवा. कारण आरएच घटकाचा शोध १९४० चा.