मदत हवी आहे: वजन 'नॉर्मल' असलेल्या मुलाला अ‍ॅनोरेक्सिया असू शकतो का?

रानवारा

नमस्कार. इथे बरीच वर्षं नुसती वाचत आलेय, लिहायची पहिलीच वेळ. अ‍ॅनोरेक्सिया म्हणजे जाड होण्याच्या भीतीने खाणं तोडत जाण्याचा आजार, एवढं वाचलंय. शीर्षकातला प्रश्न तीन जणांना विचारून झाला, तिघांनीही हसण्यावारी नेला, म्हणून शेवटी इथे.

मुलगा सोळा वर्षांचा आहे. दहा-अकराचा असल्यापासून अंगाने चांगलाच भरलेला. शाळेत त्यावरून चिडवायचे. घरी आम्हीही बोलायचो, खोटं कशाला सांगू. डॉक्टरांनी वाढीच्या तक्त्यावर बोट ठेवून दाखवलं होतं, ९५व्या पर्सेंटाइलच्या वर, म्हणजे त्याच्या वयाच्या शंभरातल्या पंच्याण्णव मुलांपेक्षा जास्त. 'वजन कमी कर' एवढंच म्हणाले, कसं ते नाही. गेल्या वर्षी त्याने ते मनावर घेतलं. आधी गोड बंद केलं, मग रात्रीचं जेवण, मग कुणाच्या समोर बसून जेवणंच. दहा महिन्यांत जवळजवळ पाव वजन उतरलं. सगळ्यांनी पाठ थोपटली. नातेवाइकांच्या ग्रुपवर 'आधी आणि नंतर'चे फोटो मीच टाकले होते.

आता काय चाललंय ते सांगते. दिवसातून पाच-सहा वेळा काट्यावर उभा राहतो. भर उन्हाळ्यात स्वेटर घालून बसतो. उठताना डोळ्यांपुढे अंधारी येते म्हणतो. स्वतः चिमणीएवढं खातो, पण मध्यरात्रीपर्यंत स्वयंपाकाचे व्हिडिओ बघतो आणि धाकट्या बहिणीने ताट पूर्ण संपवावं म्हणून तिच्या मागे लागतो. मित्र येईनासे झाले. काही विचारलं की दार आपटतं.

परत डॉक्टरांकडे नेलं, तर बीएमआय (उंचीच्या मानाने वजन) काढून म्हणाले, "आत्ता कुठे नॉर्मलला आलाय, तुम्ही उगाच मोडता घालू नका." नेटवर अ‍ॅनोरेक्सियाबद्दल वाचलं तर सगळीकडे हाडं दिसणाऱ्या मुलींचे फोटो. हा मुलगा आहे, आणि हाडं काही दिसत नाहीत. मला उगाच भास होतायत का? आणि दाखवायचं तर नक्की कुणाला?

खडूस_काका

ताई, रागावू नका, पण पोरगं जिद्दीचं आहे असं म्हणेन मी. लठ्ठ मुलांचे आईबाप ज्यासाठी तळमळतात ते तुम्हाला आयतं मिळालंय. सोळाव्या वर्षी दारं सगळेच आपटतात.

सावकाश

रानवारा, भास नाहीत. असू शकतो.

मी डॉक्टर नाही, मानसशास्त्रात काम करते. किशोरवयातले खाण्याचे विकार हाच विषय. निदान इथून कुणीच करू शकत नाही, मीही करत नाहीये. पण तुम्ही जे लिहिलंय त्याला नाव आहे. मानसोपचारतज्ज्ञ निदानासाठी डीएसएम नावाचं जे पुस्तक वापरतात, त्याच्या २०१३च्या आवृत्तीत 'अटिपिकल अ‍ॅनोरेक्सिया' आहे. अ‍ॅनोरेक्सियाची बाकी सगळी लक्षणं, वजनही खूप घटलेलं, पण आजचं वजन 'नॉर्मल' किंवा त्याच्या वरच. 'अटिपिकल' हा शब्द मला स्वतःला खटकतो, कारण ऐकणाऱ्याला वाटतं काहीतरी दुर्मिळ आणि सौम्य असेल. दोन्ही चूक.

मुद्दा असा की शरीराला तक्ता कळत नाही. २०१९ साली अशा मुलांवरचा एक अभ्यास आला. नाडी किती मंदावते याचा संबंध त्यात वजन किती वेगाने गेलं याच्याशी दिसला, आणि रक्तातलं फॉस्फेट (एक क्षार) किती घसरतं याचा, एकूण किती वजन गेलं आणि किती काळ जात राहिलं याच्याशी. त्याआधी २०१३ साली अमेरिकेतल्या मेयो क्लिनिक या रुग्णालयाच्या मंडळींनी आधी लठ्ठ असलेल्या दोन मुलांच्या केसेस छापल्या होत्या, त्यातला एक चौदा वर्षांचा मुलगा. तपासण्या होत राहिल्या, पण आजार ओळखायला उशीर झाला. बारीक मुलगी इतकी झपाट्याने उतरली असती तर घरात धावपळ झाली असती. जाड मुलगा उतरला की पेढे वाटतात.

आता तुमचे स्वेटर आणि व्हिडिओ. १९४४-४५ मध्ये अमेरिकेतल्या मिनेसोटा विद्यापीठात अ‍ॅन्सेल कीज यांनी ३६ तरुणांवर प्रयोग केला. सगळे युद्धात लढायला तत्त्व म्हणून नकार दिलेले, स्वखुशीने आलेले, आणि तब्येतीने व मनाने ठणठणीत म्हणून निवडलेले. त्यांना सहा महिने अर्धपोटी ठेवलं. साधारण पाव वजन उतरलं (तुमच्या मुलाइतकंच, बघा). तर हे बाप्ये पाककृतींची पुस्तकं चाळत बसायला लागले, सतत थंडी वाजायची, चिडचिडे झाले, माणसांत मिसळेनात. जेवण एकेक घास लांबवत खायचे. त्यांना कुणालाही बारीक व्हायचं नव्हतं. म्हणजे आज तुम्हाला मुलाचा 'स्वभाव बदलला' असं जे वाटतंय, त्यातलं बरंचसं उपासमारीच्या खात्यावर टाका. त्याच्याशी वाद घालून ते जाणार नाही, पोटात अन्न गेल्यावर जाईल.

एक मात्र आजच करा. तो शांत पडलेला असताना नाडी मोजा, मग उभं करून मोजा. दिवसा, जागेपणी ५०च्या खाली असेल, किंवा चक्कर येऊन पडला, छातीत धडधडलं, तर अपॉइंटमेंटची वाट बघू नका, त्याच दिवशी रुग्णालयात न्या. आणि घाबरून एकदम भरपूर खाऊ घालू नका. बरेच दिवस उपाशी राहिलेल्या शरीरात अन्न अचानक वाढवलं तर रक्तातलं फॉस्फेट घसरून जिवावर बेतू शकतं. वाढवायचं ते डॉक्टरांच्या देखरेखीत.

पाऊलखुणा

मी तो मुलगा होतो. आता एकोणतीसचा आहे.

मला कुणी विचारलंच नाही, कारण मुलगा. कॉलेजात एकदा प्रश्नावली भरून घेतली होती, सगळे प्रश्न 'बारीक दिसावंसं वाटतं का' छापाचे. मी प्रामाणिकपणे 'नाही' लिहिलं. मला बारीक नव्हतं व्हायचं हो, मला पोटावर कट्स हवे होते. आणि परत जाड्या व्हायचं नव्हतं. या दुसऱ्या भीतीवर एकही प्रश्न नव्हता.

कौतुक हे सगळ्यात वाईट औषध. लोक 'काय मस्त दिसतोयस' म्हणाले की मला ऐकू यायचं, आधी किळसवाणा दिसत होतास.

खडूस_काका

बरं, मी शब्द मागे घेतो, पण मग माझा एक सरळ प्रश्न. लठ्ठ मुलांना काहीच म्हणायचं नाही का? लठ्ठपणाने मधुमेह होतो, सांधे जातात, हे खोटं आहे का? आमच्या घरी उलटा प्रश्न आहे म्हणून विचारतोय.

सावकाश

काका, प्रश्न रास्त आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या आकड्यांनुसार २०२२ मध्ये ५ ते १९ वयोगटातल्या ३९ कोटींहून जास्त मुलांचं वजन प्रमाणाबाहेर होतं, त्यातली १६ कोटी लठ्ठ. त्याकडे डोळेझाक करा असं कुणी म्हणत नाही.

पण 'वजन कमी कर' म्हणून मुलाला एकटं सोडणं हा वेगळाच प्रकार आहे. ऑस्ट्रेलियातल्या व्हिक्टोरिया राज्यात पॅटन आणि सहकाऱ्यांनी शाळकरी मुलामुलींचा माग ठेवला, १९९९ मध्ये निष्कर्ष छापले. कडक डाएट करणाऱ्या मुलींना सहा महिन्यांत खाण्याचा विकार जडण्याची शक्यता डाएट न करणाऱ्यांच्या १८ पट निघाली. आता यावर आक्षेप घेता येतो, आणि मी स्वतः घेते: कडक डाएट हे कारण, की आजाराचीच पहिली पायरी? या अभ्यासातून ते सुटत नाही. शिवाय २०१९च्या एका आढाव्यात दिसलं की लठ्ठ मुलांवर तज्ज्ञांच्या देखरेखीखाली नीट उपचार झाले, तर खाण्याच्या विकारांची लक्षणं सरासरीने वाढत नाहीत, उलट थोडी कमी होतात. म्हणजे घात उपचाराने होत नाही. मुलाला लाज वाटायला लावून, त्याचं त्याने बघावं म्हणून मोकळं सोडलं की होतो.

अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०१६ मध्ये लठ्ठपणा आणि खाण्याचे विकार या दोन्हींसाठी मिळून एकच सल्ला दिला: डाएटला उत्तेजन नको, घरात वजनावर बोलणं नको, चिडवणं तर नकोच, आणि जमेल तितकं एकत्र जेवा. तुमच्या घरी हेच चालेल. त्यात मुलाच्या वजनाबद्दल अवाक्षर काढायचं नाही, हे तुम्हाला जड जाईल असं तुमच्या आयडीवरून वाटतंय :)

रानवारा

सगळ्यांचे आभार. पाऊलखुणा, तुमचं वाचून रडले. फोटो काढून टाकले ग्रुपवरून.

ह्यांचं म्हणणं, त्याला एकटं सोड, भूक लागली की खाईल. मानसोपचारतज्ज्ञाकडे जायचं तर तो म्हणतो मी वेडा नाही. आधी कुठे जाऊ?

सावकाश

आधी शरीर. बालरोगतज्ज्ञ, पण दुसरे. आजचा बीएमआय सांगू नका, लहानपणापासूनच्या वजन-उंचीच्या नोंदी न्या आणि सरळ म्हणा, "दहा महिन्यांत इतकं वजन गेलंय, चक्कर येते. नाडी आणि रक्तदाब पडून आणि उभ्याने बघा. ईसीजी, पोटॅशियम, फॉस्फेट करा." कागदावर लिहून न्या, ऐन वेळी गडबडायला होतं. मानसोपचारतज्ज्ञ त्याच्या पाठोपाठ. आहारतज्ज्ञ या दोघांबरोबर, एकटे नकोत.

'भूक लागली की खाईल' हे या आजारात लागू पडत नाही. किशोरवयीन मुलांसाठी सर्वांत जास्त पुरावा कुटुंबाला धरून केलेल्या उपचाराचा आहे. लंडनच्या मॉड्स्ली रुग्णालयात तो १९८०च्या दशकात आकाराला आला. त्यात कुणाची चूक हे शोधत बसत नाहीत. काही काळ काय आणि किती खायचं हे आईवडील ठरवतात, ताटासमोर बसून राहतात, आणि मूल सावरेल तसतशी सूत्रं परत त्याच्या हातात देतात. लॉक आणि ल ग्रांज यांच्या २०१० मधल्या चाचणीत उपचार संपून वर्षभराने अशा गटातले ४९ टक्के पूर्ण बरे होते, मुलावर एकट्याने उपचार केलेल्या गटात २३ टक्के. म्हणजे निम्म्यांना यानेही पुरतं बरं वाटलं नाही, हेही खरंच. पण तुमच्या ह्यांना हे आकडे दाखवा. दोघांचं एकमत नसेल तर मूल त्या फटीतून बरोबर निसटतं.

रानवारा

चार दिवसांनी लिहितेय. नाडी पडून ४६, उभ्याने ९०. नव्या डॉक्टरांनी घरी सोडलंच नाही, भरती करून घेतलं. पहिल्या रात्री माझ्याशी एक शब्द बोलला नाही. काल दूध अर्धं ठेवलं होतं, नर्सबाई शेजारी स्टूल घेऊन बसल्या, वीस मिनिटं काही न बोलता. प्यायला. ह्यांनी ते बघितलं, तेव्हापासून 'एकटं सोड' बंद आहे.

पुढच्या आठवड्यात घरी आणू. घरच्या काट्याचं काय करू? माळ्यावर टाकू का?

खडूस_काका

बरं झालं ताई, माझं ऐकलं नाहीत ते.

पाऊलखुणा

माळ्यावर नको. मी शोधून काढला होता. घराबाहेर काढा, तो परत यायच्या आत.